चार घोडे, एक उंट आणि फोनमधलं इंजिन

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना मध्ये बस आली, फोन आला, तर इथे निवांत वाचा. आज विषय बुद्धिबळाचा आहे, पण तुम्हाला फक्त मोहरे कसे चालतात एवढं माहीत असलं तरी पुरे.

मागच्या दिवाळीत मी माझ्या मामाचा मूड घालवला, आणि त्याला मला जेमतेम दोन सेकंद लागले.

झालं असं. मामाच्या घरी फ्रिजवर एक बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला असतो. त्यावर डाव नसतो, कोडं असतं. पाच-सात मोहरे आणि खाली चिठ्ठी: पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो. मामा पाणी प्यायला येतो, पटाकडे बघतो, पुटपुटतो आणि जातो. असं चार-चार दिवस चालतं. मी काय केलं? फोन काढला, ती स्थिती अ‍ॅपमध्ये मांडली, इंजिन चालू केलं आणि म्हटलं, "मामा, पहिली खेळी हत्तीची आहे." मामानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी तुला उत्तर विचारलं होतं का?" मग त्यानं सगळे मोहरे उचलून डब्यात ठेवले.

तेव्हा मला राग आला. उत्तर बरोबर होतं ना, मग बिघडलं काय? पण नंतर बुद्धिबळाच्या एंडगेमचा आणि मशीनचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की आमचं फ्रिजजवळचं भांडण बरंच जुनं आहे. मोठमोठे ग्रँडमास्टर त्यातून गेलेत. बुद्धिबळाचे नियमसुद्धा त्यापायी एकदा बदलले आणि परत जागेवर आले. आज ती गोष्ट.

ब्रसेल्स, 1987

बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स. तिथे मोठी स्पर्धा चालू आहे. जेम्स प्लास्केट नावाचा इंग्लिश ग्रँडमास्टर तिथे जमलेल्या खेळाडूंपुढे एक कोडं मांडतो. जगातले तगडे खेळाडू डोकं लावतात, कुणालाच सुटत नाही. त्यांच्यात मिखाईल ताल आहे. रीगाचा ताल, 1960 मध्ये जगज्जेता झालेला, मोहरे उधळून देऊन हल्ला करण्यासाठी प्रसिद्ध. त्यालाही पटावर काही सुचत नाही. तो उठतो, बागेत फिरायला जातो आणि परत येतो तो उत्तर घेऊनच.

हे कोडं खरं तर प्लास्केटचं नव्हतं. ते रचलं होतं गेइस फान ब्रॉयकेलेन या डच माणसानं, साधारण 1970 च्या सुमाराला. तोवर ते कुठे छापूनही आलं नव्हतं. छापलं गेलं 1990 मध्ये. पण नाव पडलं ते पडलंच: प्लास्केटचं कोडं.

पट जवळ असेल तर मांडा. पांढरा: राजा डी6, उंट डी1, घोडा जी4, प्यादी डी7 आणि जी3. काळा: राजा एच7, उंट बी4, घोडे ए6 आणि जी5, प्यादी सी5, सी3, ई3 आणि एच6. खेळी पांढऱ्याची, आणि पांढऱ्याला जिंकायचंय.

उत्तर शेवटी सांगतो. तोवर फोनमधल्या इंजिनला हात लावायचा नाही. कबूल?

गाजराकडून सशाकडे

मशीननं बुद्धिबळ खेळायचं म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. इथे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत.

पहिला रस्ता पुढे बघण्याचा. मी ही खेळी केली तर तो काय करेल, मग मी काय करेन... असं करत फांद्या फुटत जातात. तुमच्या फोनमधलं स्टॉकफिश हेच करतं, फक्त सेकंदाला लाखो स्थिती बघत. पण फांद्या इतक्या फुटतात की सगळ्या बघणं अशक्य. म्हणून इंजिन छाटणी करतं: ही खेळी वेडगळ दिसतेय, टाक, इथे वजीर फुकट जातोय, टाक. हा छाटणीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा रस्ता उलटा. लहानपणी पेपरात यायचं ना, "सशाला गाजरापर्यंत पोहोचवा"? आपल्यातले चलाख लोक गाजरापासून सुरुवात करायचे. तसंच इथे. पटावर चारच मोहरे आहेत असं धरा. ज्या ज्या स्थितीत मात झालेली आहे, त्या सगळ्या आधी लिहून काढायच्या. मग एक पाऊल मागे: कुठल्या स्थितींतून एका खेळीत इथे येता येतं? मग आणखी मागे. असं करत सगळ्या शक्य स्थिती संपेपर्यंत जायचं. हाती येतो तो एक कोष. त्यात प्रत्येक स्थितीपुढे लिहिलेलं: जिंकली, हरली की बरोबरी, आणि किती खेळ्यांत. याला टेबलबेस म्हणतात. यात अंदाज नाही. हे गणित आहे.

कामाचा आवाका बघा. चार मोहरे 64 घरांत: 64 चार वेळा गुणा, 1 कोटी 67 लाखांवर स्थिती. पाच मोहरे: 107 कोटींवर. सात मोहरे: जवळपास 4.4 लाख कोटी. आणि हे मोहऱ्यांच्या एकेका जोडणीसाठी! पटाच्या आरशासारख्या सारखेपणामुळे आकडा कमी करता येतो, तरी डोंगर तो डोंगरच.

एंडगेम खेळणारं पहिलं यंत्र मात्र कॉम्प्युटरच्याही आधीचं. लिओनार्दो तोरेस केवेदो या स्पॅनिश इंजिनियरनं 1912 मध्ये ते बनवलं. राजा आणि हत्ती घेऊन एकट्या राजावर मात करायचं, आणि तेही खरोखरच्या पटावर. पण ते ठरावीक नियमांवर चालायचं. सगळ्या स्थितींचा कोष तयार करायला कॉम्प्युटर यावा लागला, आणि केन थॉम्प्सनसारखा माणूस.

जिंकलेला डाव जिंकता येईना

केन थॉम्प्सन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तुमचा दिवस त्यांच्याशिवाय जात नाही. बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांच्याबरोबर युनिक्स बनवणारे तेच. आणि हा मजकूर तुमच्या स्क्रीनवर देवनागरीत नीट दिसतोय तो ज्या यूटीएफ-8 मुळे, ते 1992 मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत तयार करणारेही तेच. त्यांना बुद्धिबळाचं वेड होतं. जो कॉन्डन यांच्यासोबत त्यांनी बेल नावाचं बुद्धिबळ खेळणारं मशीन उभं केलं.

1970 च्या दशकाच्या शेवटी थॉम्प्सननी वजीर विरुद्ध हत्ती या एंडगेमचा पूर्ण कोष तयार केला. एका बाजूला राजा आणि वजीर, दुसरीकडे राजा आणि हत्ती. पुस्तकं सांगायची, वजीरवाला जिंकतो, फार अवघड नाही. कोष म्हणाला, बरोबर, जास्तीत जास्त 31 खेळ्यांत.

समोर बसला वॉल्टर ब्राउन, अमेरिकेचा चॅम्पियन. ब्राउनकडे वजीर, मशीनकडे हत्ती. पैज लागली. आणि ब्राउनला 50 खेळ्यांत तो डाव जिंकता आला नाही!

का? कारण माणसं हत्तीला राजाजवळ ठेवून बचाव करतात. पुस्तकांत तसंच असायचं, आणि तो बचाव कसा फोडायचा हेही असायचं. मशीननं हत्ती राजापासून लांब नेला. माणसाला तो वेडेपणा वाटला असता. पण कोषात लिहिलं होतं की इथेच डाव सर्वांत जास्त लांबतो, म्हणून मशीननं ती खेळी केली. ब्राउन घरी गेला, अभ्यास करून परत आला. दुसऱ्या वेळी त्यानं हत्ती मारला तो बरोबर 50 व्या खेळीला. अगदी काठावर.

मला ब्राउनची ही दुसरी फेरी जास्त आवडते. मशीननं दाखवून दिलं की तुम्हाला येतं असं वाटतं ते येत नाही. आणि माणूस घरी जाऊन ते शिकून आला.

132 वर्षांची समजूत

आता 50 हा आकडा का? बुद्धिबळात नियम आहे: 50 खेळ्यांत एकही मोहरा मारला गेला नाही आणि एकही प्यादं हललं नाही, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. नाहीतर काही लोक रात्रभर उठणारच नाहीत.

थॉम्प्सननी पाच मोहऱ्यांकडे मोर्चा वळवला. त्यात एक एंडगेम होता: दोन उंट विरुद्ध एक घोडा. 1851 मध्ये क्लिंग आणि हॉर्विट्झ या जोडीनं एक स्थिती छापली होती. घोडा कोपऱ्याजवळ, राजा त्याच्या बगलेत, जणू गड. दोन उंटांना आत शिरता येत नाही, म्हणून बरोबरी. पुढे 132 वर्षं पुस्तकांनी तेच सांगितलं. शंका घ्यायला कारणच नव्हतं, कारण कुणाला गड फोडता येत नव्हता.

1983 मध्ये कोष तयार झाला आणि त्यानं सांगितलं, गड पडतो. एरवीही हा एंडगेम साधारणपणे उंटवाला जिंकतो. फक्त सर्वांत कठीण स्थितीत त्याला 66 खेळ्या लागतात.

66! आणि नियम 50 चा. झाली ना पंचाईत? डाव खरा तर जिंकलेला आहे, पण नियम जिंकू देत नाही. मग नियम चुकला का? आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाला, म्हणजे फिडेला, तसं वाटलं असावं. 1980 च्या दशकात त्यांनी काही ठरावीक एंडगेमसाठी मर्यादा वाढवली. पण मशीन थांबेना. 1991 मध्ये लुईस स्टिलरनं सुपरकॉम्प्युटरवर सहा मोहऱ्यांचे एंडगेम तपासले. हत्ती आणि घोडा विरुद्ध दोन घोडे यात अशी स्थिती निघाली की जिंकायला 243 खेळ्या. आता 243 चा नियम करायचा?

1992 मध्ये फिडेनं सगळे अपवाद रद्द केले. सगळ्यांना पुन्हा 50.

मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. फिडेनं मशीनचं गणित चूक ठरवलं नाही. ते बरोबरच होतं. त्यांनी फक्त ठरवलं की हा खेळ माणसं खेळतात, तेव्हा मर्यादा माणसाच्या मापाची असेल. आज ऑनलाइन टेबलबेस उघडलंत तर काही स्थितींपुढे लिहिलेलं दिसतं: शापित विजय. म्हणजे गणितानं जिंकलेली, पण 50 च्या नियमामुळे बरोबरीत सुटणारी. दोन्ही खरं, एकाच ओळीत.

खरं आहे, पण शिकायचं काय?

पुढचा भाग झरझर सांगतो. 2012 मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह सुपरकॉम्प्युटरवर सात मोहऱ्यांचे कोष तयार झाले, सुमारे 140 टेराबाइट. त्यात सापडलेली सर्वांत लांब मात 549 खेळ्यांची. रोनाल्ड डी मान यांनी सिझिजी नावाची आटोपशीर पद्धत आणली, आणि 2018 मध्ये तिच्यातले सात मोहऱ्यांचे कोष पूर्ण झाले. ते साधारण 18 टेराबाइटचे. तुमच्या फोनवरून, फुकटात, आज ते विचारता येतात.

त्या 549 खेळ्या मी एकदा चालवून बघितल्या. सगळ्या नाही, अंगठा दुखायला लागला. राजा इकडे, राजा तिकडे, वजीर एक घर मागे. का, ते कळत नाही. कुठे डाव वळला, तेही कळत नाही. प्रत्येक खेळी अचूक, आणि माझ्या हाती शून्य.

इथे जॉन नन या इंग्लिश ग्रँडमास्टरचं काम मला मोठं वाटतं. नन म्हणजे ऑक्सफर्डमधून गणितात डॉक्टरेट केलेला माणूस. थॉम्प्सनचे कोष त्यांच्या हाती आले, तेव्हा ते नुसते खेळ्या बघत बसले नाहीत. ते प्रश्न विचारत गेले. घोडा इथे असला तर बरोबरी, आणि एक घर बाजूला असला तर हार: का? राजानं नेमकं कुठलं घर अडवलं? असं करत करत त्यांनी 1990 च्या दशकात एंडगेमवर जाडजूड पुस्तकं लिहिली. कोषातला आकडा घ्यायचा आणि त्यातून माणसाला पटावर लक्षात ठेवता येईल असं काहीतरी काढायचं. मशीननं उत्तर दिलं होतं, समजावून नन सांगत होते. ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

परत ब्रसेल्सला

आता आपलं कोडं. ज्यांना स्वतः सोडवायचंय, त्यांनी इथेच थांबा. मामा, तूसुद्धा.

पहिली नैसर्गिक खेळी: डी7चं प्यादं पुढे सरकवून वजीर करा. पण काळा जी5चा घोडा एफ7वर आणतो, राजाला शह आणि वजिरावर डोळा. वजीर गेला. म्हणून पांढरा आधी शह देत सुटतो. घोडा एफ6, शह, राजा जी7. घोडा एच5, शह, राजा जी6. उंट सी2, शह. आणि काळा राजा एच5चा घोडा मारतो. आता पांढरा वजीर करतो. काळा घोडा एफ7वर, तीच ती दुहेरी मार! पांढरा राजा ई6वर, घोडा वजीर खातो आणि वर शह देतो. राजा एफ5.

म्हणजे जे टाळायचं होतं, तेच पांढऱ्यानं होऊ दिलं. शिवाय घोडाही घालवला. मग मिळवलं काय? काळ्या राजाकडे बघा. एच5वर बसलाय. जी6, जी5, जी4 पांढऱ्या राजानं धरलेत. एच4 प्याद्यानं धरलंय. एच6वर त्याचंच प्यादं. राजा पिंजऱ्यात आहे! पांढऱ्या उंटानं कुठूनही एक शह दिला की मात. आणि काळ्याचा उंट काळ्या घरांचा, तो पांढऱ्या घरांवर काही अडवूच शकत नाही.

पुढची गंमत ऐका. उंटाची डी1वरून शह देण्याची धमकी आहे, म्हणून काळा प्यादं ई2वर सरकवतो. उंट ई4वर, आता एफ3वरून मात. काळ्याला ई1वर नवा मोहरा मिळतो. वजीर केला तर लगेच मात, कारण तिथून वजीर एफ3 राखत नाही. म्हणून तो घोडा करतो! उंट डी5. काळं प्यादं सी2. उंट सी4, आता ई2वरून धमकी. काळा सी1वर प्यादं नेतो आणि परत घोडाच करतो, ई2 राखायला. उंट बी5, आता ई8वरून धमकी. ए6चा घोडा धावत सी7वर. उंट ए4, पुन्हा डी1वर नजर. आता पुरे. काळा मध्ये मोहरे घालून एक-दोन खेळ्या लांबवेल, पण मात अटळ.

त्या क्षणी पटावर काय आहे मोजा. काळ्याकडे चार घोडे, एक उंट, दोन प्यादी. पांढऱ्याकडे एक उंट आणि एक प्यादं. आणि पांढरा जिंकलाय.

आता इंजिनची अडचण कळली? कोष इथे कामाचा नाही, पटावर सुरुवातीला 13 मोहरे आहेत. म्हणजे पुढे बघणं आलं, आणि त्याबरोबर छाटणी. घोडा गेला, वजीर गेला, समोरच्याला दोन नवे घोडे मिळाले. मोहऱ्यांची मोजदाद बघून ही फांदी टाकून देण्याचा मोह कुणालाही होईल. इंजिनं वर्षानुवर्षं इथे अडखळत आलीत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच कोड्यावर दोन इंजिनांची परीक्षा घेतली गेली. अफाट फांद्या पिंजून काढणाऱ्या स्टॉकफिशला ते खूप खोल गेल्यावर सुटलं. लीला हे इंजिन कमी फांद्या बघतं आणि शिकलेल्या अंदाजावर जास्त भरवसा ठेवतं. ते स्टॉकफिशच्या मागे पडलं.

ताल मात्र फांद्या मोजत बसला नसणार, असं मला वाटतं. हे माझं मत. बागेत फिरताना पट समोर नसतो, मोहरे मोजता येत नाहीत. पण "राजाला पिंजऱ्यात घाला" एवढा एक विचार सापडला, तर बाकीच्या खेळ्या त्याच्यामागून येतात.

म्हणून मी आता एक सवय लावलीय. इंजिन बंद करून कोडं मांडतो. एक विचार तरी स्वतःचा सापडेपर्यंत थांबतो. मग इंजिन लावतो, पण पहिली खेळी बघत नाही. माझी खेळी करतो आणि विचारतो, ही का चालत नाही? ते समोरून जी खेळी करतं, तिच्यातून मला जास्त कळतं. ब्राउनला कळलं होतं तसं.

आणि मामा? त्याला मी हे कोडं कागदावर लिहून दिलं, उत्तराशिवाय. अकरा दिवसांनी रात्री साडेदहाला फोन आला. ना हॅलो, ना काही. "अरे, वजीर घालवायचाच आहे! राजा अडकतो!" मी म्हटलं, "मग पुढे?" तो म्हणाला, "पुढचं सांगू नकोस." दोन घोडे त्याला अजून सापडलेले नाहीत. पट फ्रिजवर आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर हे कोडं त्यांना द्या. फोन मात्र खिशात ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!